गुरुवारचा दुसरा दिस

“सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार...” येसूबाईचं बोट फळ्यावर सरकत आलं आणि अडलं. मग ती हळूच म्हणाली, “गुरुवारचा दुसरा दिस.” आणि पुढे गेली, “शनिवार.”

“शुक्रवार म्हणा,” आनंदीबाई म्हणाल्या.

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. येसूबाईच्या नवऱ्याचं नाव शुक्रा. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे कोंडाणे गावात पाळण्यातल्या पोरीलाही ठाऊक. कर्जतहून प्रौढवर्ग घ्यायला येणाऱ्या आनंदीबाईंना मात्र ते सांगावं लागलं.

“अहो, वाराचं नाव घेऊन कोणी मरतं का?” त्या चिडल्या. परीक्षा घ्यायला साहेब येणार होते, आणि वर्गातली सगळ्यांत हुशार बाई एका वारापायी नापास होणार होती.

“करा नापास,” येसूबाई म्हणाली. “मालक मुंबईला गोदीत गेलं, त्याला लई वरसं झाली, बाई. पत्र नाय, खबर नाय. लोक काय बी बोलत्यात. मी नाव घेत नाय, म्हणून तरी ते जित्तं आसतील.”

आनंदीबाईंनी पुढचा धडा काढला. पुढे पुढे त्यांच्याही तोंडी ‘गुरुवारचा दुसरा दिस’च बसला. दुपारी भातशेतांतून पालापाचोळ्याचा राब भाजल्याचा धूर शाळेत शिरायचा. बायका पेंगायच्या, फळ्यावरची अक्षरं पुसट व्हायची. त्या धुरात आनंदीबाईंना वाटायचं, एक माणूस खरंच कुठेतरी चालतो आहे आणि आपण सगळ्याजणी गप्प राहून त्याला सांभाळतो आहोत. शिकवायला आलेल्या बाई स्वतःच जीभ जपायला शिकल्या होत्या, आणि त्यांना ते फार आवडत होतं.

साहेब आले त्या दुपारी येसूबाई उशिरा आली. तडक फळ्यापाशी गेली.

“...बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार.”

आवाज खणखणीत होता. साहेबांनी खुशीनं मान डोलावली. वर्गात कोणीच हसलं नाही.

येसूबाईच्या कपाळाकडे बघायचा आनंदीबाईंना धीर होईना. जवळ जाऊन त्यांनी हलकेच विचारलं, “येसूबाई, मुंबईहून काही खबर आली का हो?”

“खबर कशाला, बाई? शुक्राच आलाय सकाळच्या गाडीनं. दुसरी बायको घेऊन.”