निम्म्या दरातली गर्दी

“वहिनी, हे वाचलंस?”

भाऊजींनी फोन थेट तिच्या आणि गिऱ्हाइकाच्या मधे धरला. वहिनीच्या हातात कात्री होती. खुर्चीतल्या बाईच्या मानेवर ओले केस चिकटले होते, आणि मागच्या बाकावर दाटीवाटीने बसलेल्या बायका सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. सगळ्या कूपनवाल्या.

“नंतर वाचते.”

“नंतर कशाला? ऐक ना.” त्यांनी आवाज खाली आणून वाचलं. कुणीतरी नाव न देता रिव्ह्यू टाकला होता. ‘स्वस्त म्हणून गेले आणि पस्तावले. तासन्‌तास बसवून ठेवतात आणि मग कसंतरी उरकून टाकतात. यांचं कूपन घेऊ नका.’

कात्री क्षणभर थांबली, मग पुन्हा चालू लागली.

“असतं एखादं माणूस,” वहिनी म्हणाली. “सोडून द्या.”

पण भाऊजी सोडून देणाऱ्यातले नव्हते. ही सगळी कल्पनाच त्यांची. नोकरी सुटल्यापासून तिचे हे धाकटे दीर घरात मान खाली घालून वावरायचे. एक दिवस ते उजळलेला चेहरा घेऊन पार्लरमध्ये आले. म्हणाले, फोनवर एक कंपनी आहे, पुरेशा बायकांनी मिळून कूपन घेतलं की त्यांना निम्म्या दरात केस कापून द्यायचे, आणि एकदा आलेली बाई मग कायमची आपली. वहिनीला ते पटलं नव्हतं. पण त्या दिवशी भाऊजी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. सासूबाई नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. नवऱ्याने तिला बाजूला घेऊन सांगितलं, “करू दे गं त्याला. माणसात आलाय जरा.”

आता नाही म्हणायचं ते कुणाच्या तोंडावर?

बायका आल्या. अशा आल्या की पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. वहिनी उभ्याउभ्या दोन घास खायची. एकीचे केस कापताना दुसरीची नजर पाठीत टोचायची. कूपन संपलं की नव्या बायका पुन्हा दिसायच्या नाहीत, कारण पुढचं कूपन त्यांनी दुसऱ्याच कुणाचं घेतलेलं असायचं. जुन्या बायका दारातून डोकावायच्या, गर्दी बघायच्या आणि “येते हं नंतर,” म्हणून सटकायच्या. आणि भाऊजी गल्ल्याजवळ बसून “या, बसा, आत्ता होईल तुमचं,” म्हणत नुसते फुललेले असायचे.

त्या रिव्ह्यूने ते फुलणं गेलं.

“समोरचीच असणार,” ते म्हणाले. रस्त्यापलीकडे दुसरं पार्लर होतं. “आपली गर्दी तिच्या डोळ्यांत खुपतेय. जाऊन जाबच विचारतो.”

“अजिबात जायचं नाही.” वहिनीचा आवाज जरा चढलाच. “कुणावर उगाच आळ घेऊ नका, भाऊजी.”

“तू फार साधी आहेस, वहिनी.”

वहिनी कोरडाच टॉवेल झटकत राहिली.

भाऊजी गेलेच. समोरचीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, “मी कशाला लिहू? तुमच्याकडे वैतागलेल्या बायका माझ्याकडेच येतात. तुमची ऑफर अशीच चालू राहावी म्हणून मी तर देव पाण्यात घालून बसलेय.”

रात्री जेवणावर हे सांगताना भाऊजींचा चेहरा इतका उतरला होता की वहिनीने हातातला घास परत ताटात ठेवला.

“कोण ती लिहिणारी, तिचं तोंड एकदा बघायचंय मला,” सासूबाई म्हणाल्या.

वहिनीने त्यांना भाजी वाढली.

कूपनं खपेनाशी झाली. बाकावर जागा दिसू लागली. शेवटी भाऊजींनी आपणहून कंपनीला फोन केला आणि ऑफर बंद करून टाकली.

“माझ्यापायी तुझं नाव खराब झालं,” ते म्हणाले.

“नाव कुठे जातंय? माझ्या बायका येतील परत.”

आणि आल्याच. सगळ्यात आधी शाळेच्या मुख्याध्यापिका. वहिनी हे काम शिकत होती तेव्हापासून त्यांचे केस तीच कापायची. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. वहिनीने त्यांच्या गळ्याभोवती कपडा बांधला आणि कात्री उचलली. बाई नव्या सुनेबद्दल सांगायला लागल्या. सूनबाईंची गोष्ट निम्मीच झाली होती, तेवढ्यात वहिनीने ब्रशने त्यांची मान झटकलीसुद्धा.

“झालं?”

“झालं की. छान दिसतंय.”

बाईंनी आरशात पाहिलं, हसल्या. “हो. छान आहे.” पूर्ण दर देऊन, तिच्या खांद्यावर थोपटून त्या गेल्या.

त्या दुपारी वहिनी किती दिवसांनी बसून जेवली. डबा संपल्यावरही तशीच बसून राहिली. रस्त्यावरची रहदारी तिला आज कानाला गोड लागत होती.

दुपार कलल्यावर भाऊजी आले. दारातच थांबले. हातात फोन होता.

“अजून एक आलाय, वहिनी. मला नाही वाचून दाखवता यायचा. तूच बघ.”

तिने फोन घेतला.

‘इथे मी वर्षानुवर्षं जाते. पहिला रिव्ह्यू वाचला तेव्हा लिहिणारीचा राग आला होता. आज जाऊन आले. दुकानात चिटपाखरू नव्हतं, तरी मला उरकून टाकलं. पूर्वीचा तो हात आता राहिला नाही. तोंडावर सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून इथे लिहितेय.’

“पहिला रिव्ह्यू लिहिणारीच असणार ही,” भाऊजी म्हणाले. “सोंग बदलून पुन्हा लिहिलंय. तुला नाही वाटत?”

वहिनीने ते पुन्हा एकदा वाचलं. हा मात्र तिने लिहिला नव्हता.