स्टँडवरचे कागद

व्हरांड्याचे पडदे वाऱ्याने फुगले आणि पहिल्या रांगेतल्या मार्थाबाईंना एकदम आठवलं, कागदांना लावायचे कपड्यांचे चिमटे आपल्या पर्समध्येच राहिलेत.

पाचगणीच्या उन्हाळी महोत्सवात चौघांचं वादन ऐन रंगात आलं होतं. दुसरं व्हायोलिन मार्थाबाईंचे मिस्टर, शांतवन वाजवत होते. स्टँडवरचं नोटेशन त्यांना आता दिसत नसे. मार्थाबाई घरी एकेक ओळ पेटीवर वाजवत आणि ते पाठ करत. पान कुठे उलटायचं, तेसुद्धा. चौघांची प्रमुख केतकी. तिला हे कळलं तर शांतवनची खुर्ची गेलीच म्हणून समजायची.

वारा आत घुसला. इतरांचे कागद चिमट्यांत फडफडले. शांतवनचे मात्र उडाले ते थेट मार्थाबाईंच्या पायाशी आले. त्यांचा गज काही थांबला नाही. केतकीने वाजवता वाजवता रिकाम्या स्टँडकडे पाहिलं. सगळं पाठ केलंय असं तिला वाटू दे, मार्थाबाई मनात म्हणत राहिल्या.

तेवढ्यात शांतवननी नेमक्या जागी हात पुढे केला आणि तिथे नसलेलं पान उलटलं.

टाळ्या संपल्यावर केतकी सरळ मार्थाबाईंकडे आली. केतकीने वाकून कागद गोळा केले, क्रमाने लावले.

“काकू, उद्याही हे स्टँडवर लागतील,” ती हळूच म्हणाली. “चिमटे मात्र मी लावीन.”