एवढी ओव्हर झाली की

“बॅटरी गेलेली, बिजागरी तुटलेली, आणि साडेपाच हजार? येडा दिसतो का मी, काका?”

“गेम खेळायला पुरे आहे. चालवून तर बघ.”

लॅपटॉप त्यांच्या पोराचा होता. पोरगं दिवाळीआधी बाइकच्या अपघातात गेलं, हे मला माहीत होतं. तरी मी भाव पाडत होतो. शाळा सोडल्यापासून दिवस जाता जात नाही, टाइमपासला स्वस्तात काहीतरी पाहिजे होतं.

मी चार्जर लावून त्याचा क्रिकेटचा गेम चालू केला. मोठ्याने ट्यून वाजली.

स्वयंपाकघरातून काकांची बायको ओरडली, “बंद कर रे ते! ताट वाढलंय कधीचं!”

काकांचा चेहरा पांढरा पडला. “चार महिन्यांत एक शब्द बोलली नव्हती ही,” ते पुटपुटले.

“येतोस का येऊ मी?” आतून पुन्हा तिचा आवाज आला.

माझ्या तोंडातून आपोआप निघालं, “एवढी ओव्हर झाली की आलो, आई.”

आत ती हसली. मग दाराच्या पडद्यामागे बांगड्या वाजल्या, पावलं आमच्याकडे यायला लागली. काकांनी माझं मनगट घट्ट धरलं.

“हा विकू नका, काका. आणि हात सोडा. तिने पडदा सरकवायच्या आत मला निघायला पाहिजे.”