चिमणीचे गुरू

सकाळचे ऊन आधी खिडकीच्या चौकटीवर आले, मग टेबलाच्या कडेवर टेकले, मग रंगांच्या नळ्यांवरून सावकाश सरकत समोरच्या भिंतीवर चढले. तिथे सहा चित्रे टांगलेली होती. प्रत्येकाच्या कडांशी रंगांची दाटी आणि मधोमध कोरे कापड. ऊन त्या कोऱ्या जागेत शिरले की तिथे कुणीतरी काहीतरी रंगवून ठेवले आहे असा भास होई. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक कितीतरी वेळ आपल्या चित्रांतले तेच पाहत बसले होते.

"अहो, कालपासून दोनदा दाढी केलीत," बायको चहा ठेवत म्हणाली. "पुस्तक तुमच्यावर नाही, चिमणीवर निघतंय."

"पुस्तकात गुरू लागतोच की."

चिमणी त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता तिचे नाव सर्वतोमुखी झाले होते, आणि तेही चित्राच्या मध्ये सोडलेल्या कोऱ्या जागेमुळे. ती जागा तिला कुणी दाखवली, हे एकदा छापून यावे, एवढ्या एकाच इच्छेने सरांच्या मनात घर केले होते.

पुस्तकाची लेखिका आली. सर एरवी अबोल. आज मात्र घडाघडा बोलले.

"ती नुसती रंगवत सुटायची. मी मागे उभा राहिलो आणि म्हणालो, थांब. इथेच थांब."

"तीही तेच सांगते," लेखिका म्हणाली. "कुठे थांबायचं ते सरांमुळे पक्कं झालं, म्हणते. अशी कोरी जागा सोडलेलं तुमचं स्वतःचं पहिलं चित्र कोणतं?"

त्यांनी ते खाली उतरवले. चित्र पुरे झाले की पाठीवर तारीख घालायची, ही त्यांची सवय. लेखिकेने तारीख वाचली आणि बोटांवर वर्षे मोजली.

"म्हणजे चिमणी तुमच्या वर्गातून गेली, त्यानंतरचं?"

सर गोंधळले. "तारीख मागाहून घातली असेल."

"यांचं सगळं मागाहूनच," बायको हसली. "मला होकार द्यायला दोन वर्षं लावली!"

लेखिकाही हसली. सरांना हसू आले नाही. तो वर्ग त्यांना लख्ख दिसत होता: उचललेला कुंचला, अधांतरी थांबलेला हात, 'इथेच थांब' हे शब्द. पण आवाज नीट लागेना. कधी तो त्यांचा वाटे, कधी कोवळा, किनरा. हातही कुणाचा, ते उमगेना.

"हे पहिल्या पानावर घेणार आहोत," लेखिकेने पिशवीतून एक जुना जाड कागद काढला. "चिमणीनं आजवर जपून ठेवलेलं. तिचं वार्षिक परीक्षेतलं चित्र. यावर तुम्ही दोन ओळी सांगाव्यात, अशी तिची इच्छा आहे."

कडांशी रंगांची दाटी. मधोमध कोरे.

"हेच ते!" सरांचा जीव भांड्यात पडला. "याच दिवशी मी तिला थांबवलं. मागे तारीख असेल, बघा."

त्यांनी स्वतःच कागद उलटला.

मागे लाल शाईत लिहिले होते: 'चित्र अपुरे. नापास.' खाली सही सरांची होती.