उंदराचं दार

घटसर्पाच्या जंतूंच्या विषापासून बनवलेलं औषध टोचूनही लिमातल्या प्रयोगशाळेतले उंदीर तुरुतुरु पळत होते. त्याच भरवशावर उद्या तिथल्या संशोधक नेलिदाच्या भावाच्या मेंदूतल्या गाठीत ते सोडायचं होतं. पण म्हाताऱ्या सरांनी हट्टाने एका गिनीपिगलाही ते टोचायला लावलं होतं. “सर, गिनीपिग तर आपण सणाला भाजून खातो!” ती चिडली होती. “अगं पोरी, या विषाला पेशीत शिरायला दार लागतं. उंदराचं दार त्याला उघडत नाही. गिनीपिगचं उघडतं, आपलंही.” तेव्हापासून तिचे पाय गिनीपिगच्या पिंजऱ्यापाशीच घुटमळत होते. आता तिने लसूणघासाची काडी पुढे केली. एरवी शीळ घालत धावणारं जनावर हललं नाही. अंग गार पडलं होतं. तिने भावाला फोन लावला. “उद्या येऊ नकोस.” “का? उंदीर मेले?” “नाही, मजेत आहेत.” “मग?” “तू उंदीर नाहीस ना, वेड्या.”