खाडीची सुनावणी, नववी ब

तास संपायला दहा मिनिटं असताना नववी 'ब'ने खाडी बुजवायला मंजुरी दिली. पागधरेबाईंनी मतं भरताच पडद्यावर अक्षरं उमटली : जनसुनावणी पूर्ण, भराव सोमवारपासून.

गाववाल्यांना स्वार्थ असतो, शाळकरी मुलांना नसतो, असा निर्वाळा सरकारी यंत्राने दिल्यापासून सुनावण्या वर्गातच होत. मुलांनी चिठ्ठ्या उचलायच्या, कुणी कोळी व्हायचं, कुणी कंपनी, आणि वर्ग म्हणेल तो कायदा.

आज कंपनीची चिठ्ठी नेत्रा चुरीला आली होती. कोळी झालेल्या पोरांना तिने एकेक करून गप्प केलं होतं. तिच्या वडिलांची होडी त्याच खाडीत होती.

"एवढं तुटून पडायची काय गरज होती?" बाई तिच्या बाकापाशी येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या. "बापाचा तरी विचार करायचास."

नेत्राने चिठ्ठी चुरगळून त्यांच्या हातात दिली. "गेल्या वेळी डोंगर फोडायच्या सुनावणीत मी मध्येच रडले, तेव्हा शून्य दिलंत. भूमिका सोडायची नाही, असा शेरा लिहिलात. आज काय लिहिलंत?"

बाईंनी गुणतक्ता छातीशी धरला. त्यावर नेत्राच्या नावापुढे दहापैकी दहा कधीच पडले होते.