मिटल्या डोळ्यांनी

भीतीची पट्टी कानामागे लावल्याशिवाय गेम तपासायचा नाही, असा कंपनीचा नियम होता. ही पट्टी थेट मेंदूत धडकी भरवायची. गेम तपासणाऱ्या ऋजुता कुलथेनं ती उपटून टेबलावर ठेवली.

“अहो मॅडम, पट्टीशिवाय काय कळणार?” मालक दामले वैतागले. “पडद्यावरची ती विहीर बघा, तो अंधार! लोकांची बोबडी वळते.”

“अंधार झकासच आहे,” म्हणत तिनं डोळे घट्ट मिटले आणि ती नुसतं उडीचं बटण दाबत राहिली. थोड्याच वेळात गेम जिंकल्याची तुतारी वाजली.

तरीही दामल्यांनी मंजुरीचं यंत्र पुढे सरकवलं. “अंगठा उमटवा. नोकरी टिकवायचीय ना?”

ऋजुतानं पर्स खांद्याला अडकवली.

“मला घाबरवताय? आधी हरवून तरी दाखवा.”